ऐकण्याची तालीम

मला ऐकू येत नाही हे बेंगळूरमध्ये कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण सगळ्यांना वाटायचं की मला कानडी येत नाही. मलाही तसंच वाटायचं.

लग्न होऊन मी साताऱ्याहून बेंगळूरच्या मल्लेश्वरमला आले, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. सासर पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. घरात मराठी, पण तिच्यात "स्वल्प साखर दे" आणि "सरी, निघतो मी" अशी बरीच कानडी मिसळलेली. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. भाजीवाली काही बोलली की मी हसून "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणायची आणि पिशवी पुढे करायची. शेजारच्या अक्का बोलायच्या तेव्हा त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची. सून भाषा मन लावून शिकतेय, असं घरचे कौतुकाने सांगायचे.

मुलगी झाली आणि हे न कळणं वाढलं. ती दोन वर्षांची असताना भावाच्या लग्नाला साताऱ्याला गेले. आई माझ्याकडे पाठ करून पुऱ्या तळत होती. ती काहीतरी म्हणाली आणि मला नुसतं पुटपुटणं ऐकू आलं. "काय?" म्हटलं, तर पुन्हा तेच पुटपुटणं. शेवटी वैतागून ती वळली आणि ओठ दिसल्याबरोबर मला कळलं, परात मागतेय. मी परात दिली आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून बसले. तिथे कानडी कुठे होती? माझ्या आईची मराठी मला कळत नव्हती.

परत आल्यावर नवऱ्याला सांगितलं. पेपरमागून तो काही बोलला. मी पेपर हाताने खाली केला.

"तुझं लक्ष नसतं," तो म्हणत होता.

पुढे वर्षभर हेच उत्तर. दूध उतू गेलं, लक्ष नसतं. बेल वाजली, दार उघडलं नाही, लक्ष नसतं. शेवटी शेवटी मीच स्वतःला लक्ष दे, लक्ष दे म्हणून दटावायला लागले.

मग एका दुपारी मुलीने बाथरूमची कडी आतून लावून घेतली आणि तिला ती काढता येईना. घरात आम्ही दोघीच. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले होते, मधे फक्त एक भिंत. अक्का मागच्या दाराने धावत आल्या, माझा दंड धरला आणि ओढतच मला बाथरूमपाशी नेलं. रडून रडून पोरीचा आवाज बसला होता. अक्कांनी फटीतून लोखंडी पट्टी घालून कडी सरकवली. मुलगी माझ्या गळ्यात पडली. अक्कांनी स्वतःच्या कानाला हात लावला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "तुमको सुनाई नहीं आता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीतरी पहिल्यांदाच विचारला. मी मान हलवून नाही म्हटलं.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "आईचं काळीज असतं तर भिंतीपलीकडूनही ऐकू आलं असतं." हे मात्र त्या अगदी माझ्यासमोर उभ्या राहून, शब्द तोडून तोडून बोलल्या. ते वाक्य मी त्यांना कधी माफ केलेलं नाही.

मी नवऱ्याला म्हणाले, "कानाच्या डॉक्टरकडे मला तुम्ही नेता, की मी अक्कांबरोबर जाऊ?"

"शेजाऱ्यांबरोबर?" तो दचकला. पोरगी कोंडली गेली तेव्हा जे झालं नाही, ते शेजाऱ्यांच्या नावाने झालं. शनिवारची वेळ ठरली. पण कारखान्याच्या दवाखान्यात नाही, तिथे ओळखीचे भेटतील. लांब जयनगरला, एका खाजगी तज्ज्ञांकडे. कारण काय, तर नणंदेचं लग्न जमवायचं होतं.

"लोकांना वाटेल, घराण्यात आहे," नवरा म्हणाला.

"मी तुमच्या बहिणीची सख्खी बहीण आहे का?"

त्याने पेपर उघडला.

तज्ज्ञांकडून फोनवर सूचना मिळाल्या होत्या. कानातला मळ आधी काढून घ्या, आणि त्यानंतर कानात काही घालू नका, तेलसुद्धा नाही. मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून कान साफ करून आणले आणि घरी सगळ्यांना ती सूचना स्पष्ट सांगितली.

शुक्रवारी संध्याकाळी मी मुलीची वेणी घालत बसले होते. अचानक डाव्या कानात काहीतरी कढत पडलं. मी किंचाळले. सासूबाई मागून आल्या होत्या, हातात लसणीच्या तेलाची वाटी. मागून कुणी आलेलं मला कळायचं नाही आणि त्यांनी नेमका त्याचाच फायदा घेतला.

"ओरडतेस काय? तुझ्या सासऱ्यांना याच तेलाने गुण आला होता."

"घालायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना मी!"

"डॉक्टर सांगणारच. त्यांना मशीन विकायचं असतं."

मी कानात टॉवेलचं टोक खुपसून उभी राहिले. तेवढ्यात नवरा कामावरून आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, आईला एक अक्षर बोलला नाही, आणि मला म्हणाला, "चल, उद्याची थोडी तयारी करू."

त्याने खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडली आणि मला बसवलं. स्वतः दाराशी उभा राहिला. तो शब्द म्हणणार, मी ते परत म्हणायचे.

"बटाटा," मी म्हणाले.

"फटाका. नीट ऐक," मी वळून पाहिलं तेव्हा तो म्हणत होता.

"सपाट?"

"कपाट!" हे तो इतक्या मोठ्याने ओरडला, की मला ऐकू आलं. बाजूच्या कपाटाच्या आरशात मला पलंगावर बसलेल्या सासूबाई दिसत होत्या. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"जरा प्रयत्न कर ना," नवरा पुढे येऊन म्हणाला. "उद्या मन लावून ऐकलंस तर रिपोर्ट चांगला येईल."

मी उठले तशी खुर्ची आडवी पडली. "मला चांगला रिपोर्ट नकोय! खरा हवाय! पोरगी आत रडत होती आणि मला ऐकू आलं नाही, हे तुम्हाला कळतंय का? की तुमचंच लक्ष नसतं?"

मुलगी घाबरून रडायला लागली. मी तिला उचलून गच्चीवर गेले.

शनिवारी आम्ही रिक्षाने जयनगरला गेलो. तज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी कानात दिव्याने पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. तेल काढण्यातच बराच वेळ गेला. मग त्या हिंदीत प्रश्न विचारू लागल्या आणि उत्तरं नवरा द्यायला लागला. थोडंसंच कमी येतं. टीव्ही तर व्यवस्थित ऐकते.

"तुम्ही बाहेर बसा," मी त्याला म्हणाले.

तो बाईंकडे पाहत राहिला. त्यांनी दाराकडे बोट केलं.

काचेच्या बंद खोलीत कानांवर हेडफोन लावून मी बसले. आवाज आला की बटण दाबायचं. मधे मधे लांबच लांब शांतता होती. त्या शांततेतही आवाज सोडले जातायत हे मला ठाऊक होतं. काचेपलीकडे बाईंचा हात हलताना दिसत होता. मी हाताकडे बघणं बंद केलं, डोळे मिटले, आणि अंदाजाने एकदाही बटण दाबलं नाही.

कानातलं एक बारीक हाड जखडलं होतं. बाळंतपणानंतर हा आजार काही बायकांत वाढतो, बाई माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या. यात लक्ष देण्या-न देण्याचा काही संबंध नाही. मग नवऱ्याला आत बोलावून त्यांनी तेच सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न होता, "मशीन लावलं तर बाहेरून दिसेल का?"

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "सर्दी साचलीय म्हणाले," नवरा चपला काढता काढता बोलला. मला ते त्याच्या ओठांवर दिसलं.

"नाही, आई," मी म्हणाले. "हाड जखडलंय. मशीन लागणार आहे, आणि ते दिसणार आहे."

मशीन आल्यावर महिन्याभरातच नणंदेला बघायला पाहुणे आले. "आजचा दिवस केस मोकळे सोड," नवरा म्हणाला. मी घट्ट अंबाडा घातला आणि पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. कुणी काही विचारलं नाही. मुलाच्या वडिलांनी आणखी थोडे पोहे मागितले, ते मला पहिल्याच खेपेत ऐकू आलं. मी वाढले. माझ्या मनात नुसता जाळ झाला होता. याच माणसांच्या भीतीने मला लपवायचं ठरलं होतं, आणि त्यांनी माझ्या कानाकडे पाहिलंसुद्धा नाही.