तिसऱ्या इंजिनाला सुट्टी

यासीन धनसे बोटीवर आहे म्हटलं की पनवेलात लोक विचारतात, "कॅप्टन का?" माझं डोकंच फिरतं. यासीन लाँड्री मास्टर आहे. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या मारणाऱ्या क्रूझवर तो पाहुण्यांच्या चादरी आणि टॉवेल धुतो, आणि गेल्या वर्षी त्याने जे केलं ते बोटीवरच्या एकाही इंजिनिअरला सुचलं नव्हतं. मी त्याचा शेजारी, तेव्हा थोडं झुकतं माप देणारच.

सुरुवात झाली काळ्या ठिपक्यांनी. डेकवरच्या तलावाजवळ मांडलेले पांढरे टॉवेल काजळी लागून परत येत. साबण बदलला, हाताखालच्या लोकांना ओरडून झालं, ठिपके काही जाईनात. यासीन भारी चिवट. महिनाभर त्याने नोंद ठेवली. बोट बंदरात उभी असेल त्या दिवशी टॉवेल स्वच्छ, चालत असेल त्या दिवशी काळे. मग खालून, इंजिन रूममधून कळलं की बोटीची सगळी वीज इंजिनांवर बनते. एरवी दोन इंजिनं पुरतात, पण चालत्या बोटीत सकाळी स्वयंपाकघरातल्या विजेच्या भट्ट्या आणि लाँड्रीचे मोठे ड्रायर एकदम लागले की तिसरं सुरू करावं लागतं. ते सुरू होताना धुराड्यातून काजळी उडते. म्हणजे टॉवेल काळे करणारा यासीनच निघाला! हे सांगताना तो अजून कपाळावर हात मारून घेतो.

यावरचा उपाय तो लहानपणीच शिकला होता. आमच्या मोहल्ल्यातल्या चाळीत तेव्हा चार घरांना मिळून एक मीटर. दोन घरांनी एकदम जड काही लावलं की फ्यूज उडालाच. ईदच्या आदल्या दिवशी त्याची अम्मी, ताहिराचाची, गॅलरीतून हाक द्यायची, "इस्त्री बंद करा गं, मी मिक्सर लावते!" मसाला वाटून झाला की दुसरी हाक, "झालं माझं, लावा आता!" हाक न देता बटण दाबणाऱ्याची मग काही खैर नसे.

यासीन चीफ इंजिनिअर वर्देसाहेबांकडे गेला. "साहेब, दुपारी भट्ट्या थंड असतात. मी टॉवेल दुपारीच वाळवून ठेवतो. सकाळी ड्रायर बंद. तुम्ही तिसरं इंजिन लावूच नका."

"डिझेल वाचेल, धूरही कमी होईल," वर्दे म्हणाले. "पण सकाळी टॉवेल कमी पडले तर?"

हॉटेल मॅनेजर विनिता मॅडम तिथेच होत्या. "तर पुढच्या बंदरात यासीन घरी," त्यांनी सांगून टाकलं.

"कबूल," यासीन म्हणाला. बायकोला विचारलं नाही की कुणाला नाही. रुमानाभाभीने हे फोनवर ऐकलं तेव्हा ती माझ्याच घरी बसली होती. तिचा चेहरा बघून मला यासीनचा भयंकर राग आला होता.

सात दिवस करून बघायचं ठरलं. दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी बोटीवर लग्नाचं वऱ्हाड, आणि सकाळी सातलाच सगळं वऱ्हाड तलावात! साडेसातला टॉवेलांचं कपाट रिकामं व्हायला आलं. धुतलेले ओले टॉवेल समोर पडलेले. ड्रायर लावावेत तर तिसरं इंजिन सुरू होणार, न लावावेत तर नोकरी जाणार.

यासीनने स्वयंपाकघरात फोन लावला. पाव भाजणारा मिथुन वैतागलेलाच होता.

"मिथुन, ही खेप निघाली की भट्ट्या किती वेळ मोकळ्या?"

"अर्धा तास. का?"

"निघाली की हाक दे. मी दोनच ड्रायर लावतो. माझी हाक आल्याशिवाय पुढची भट्टी लावू नकोस, भावा."

पाच मिनिटांनी मिथुन फोनवर ओरडला, "निघाली! लाव!" ड्रायर घुमायला लागले. खाली वर्दे विजेच्या काट्यावर डोळे लावून बसले होते. काटा लाल रेघेजवळ आला आणि तिथेच थांबला. पंचवीस मिनिटांत गरम टॉवेल डेकवर पोचले. नवरीच्या वडिलांनी तो गरम टॉवेल अंगाभोवती घेतला आणि "वा, काय सोय आहे!" म्हणून विनिता मॅडमचेच आभार मानले.

सात दिवसांत तिसरं इंजिन एकदाही सकाळी सुरू झालं नाही. टॉवेल पांढरेशुभ्र. पुढे कंपनीने आपल्या आणखी दोन बोटींवर हीच पद्धत लावली. ही बातमी आली तेव्हा मी मोहल्लाभर पेढे वाटले. रुमानाभाभी हसता हसता रडली, आणि खरं सांगतो, मीही रडलो.

वर्देंनी कंट्रोल रूममध्ये लेखी हुकूमच लावला: सकाळी लाँड्रीला विचारल्याशिवाय तिसरं इंजिन सुरू करायचं नाही. पुढच्या फेरीला एक नवा इंजिनिअर आला. चांगला खांद्यावर तीन पट्ट्या मिरवणारा अधिकारी. एका सकाळी त्याने लाँड्रीत फोन केला, "मास्टर, लोड वाढतोय. तिसरं लावू का?"

"नको," यासीन म्हणाला. "दहा मिनिटं थांबा."

आणि साहेब थांबले.