बोटावरचं शिंग

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. नाहीतरी हसालच! माझ्यासारखा वेंधळेपणा अख्ख्या धायरीत कुणी केला नसेल.

झालं काय, माझ्या डाव्या हाताच्या बोटावर शिंग उगवलं. खोटं नाही हो! आधी वाटलं चामखीळ. मग वाढत वाढत शेंगेएवढं झालं. कडक, पिवळट, टोकाला वाकडं. गोठ्यातली गाय माझ्याकडं भावकीतली असल्यासारखी बघायला लागली!

माझा मुलगा दत्ता मला शहरात कातडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. ते म्हणाले, "आजी, असलं क्वचितच दिसतं. बुधवारी काढू आणि लॅबमध्ये तपासायला देऊ. पेशी वाईट निघाल्या, तर बोटही काढावं लागेल." लॅबची चिठ्ठीही दिली.

बोट काढणार? मग भाकरी कशानं थापायची?

बुधवारपर्यंत धीर कुणाला? म्हटलं, बैलांची शिंगं आम्ही घरी साळतो, माझ्या एवढ्याशा शिंगाला डॉक्टर कशाला? अडकित्ता घेतला आणि कट्! दुखलंसुद्धा नाही. तुकड्याची कागदात पुडी बांधली आणि माझ्या पान-सुपारीच्या चंचीत टाकली. आता त्या चंचीत सुपारीच्या खांडाचीही पुडीच होती. तुमच्या आलं ना ध्यानात? माझ्या नाही आलं!

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता बसनं लॅबमध्ये गेले. चिठ्ठी दिली, पुडी दिली.

"कशाचा तुकडा?" खिडकीतल्या पोरीनं विचारलं.

"माझाच!" मी ऐटीत सांगितलं.

चार दिवसांनी लॅबमधून दत्ताला फोन आला, "आजींना घेऊन या. सोबत घरचं जाणतं माणूस हवं."

संपलं! घरात सगळ्यांचे चेहरे पडले. मी सुनेला परातीपुढं बसवलं. "नीट बघून घे, भाकरी अशी फिरवायची. माझं बोट काय आज आहे, उद्या नाही."

"आत्या, असं नका ना बोलू!" म्हणत ती पिठातच रडली.

लॅबच्या डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आजी, आम्ही कापलं, दुर्बिणीखाली बघितलं. सुपारी आहे."

"लई वाईट असती का हो ती?"

"नाही. भाजकी आहे."

दत्ता ओरडला, "आई, मग शिंग कुठंय?"

मी चंची उपडी केली. कात, चुना, दोन लवंगा. आणि आठवलं! परतताना बसमध्ये पुडी सोडून एक खांड तोंडात टाकलं होतं. अख्खा सिंहगड रस्ता चघळलं, फुटता फुटेना. शेवटी वैतागून गिळलं!

हे सगळं सांगितलं, तरी बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "आणलं असतंत तरी उपयोग नव्हता. वरचं शिंग नखासारखं मेलेलं असतं. पेशी बघायच्या त्या मुळाच्या. मूळ तरी जागेवर आहे ना?"

मी गुमान बोट पुढं केलं.

मग डॉक्टरांनी मूळ काढलं, तपासायला पाठवलं. आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आणि रिपोर्ट आला, पेशी चांगल्या! बोट वाचलं!

टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "आजी, अशक्तपणा दिसतोय. रोज एक अंडं खात जा."

"शिव शिव! मी माळकरी बाई. जन्मात कधी मांसाचा कण पोटात..."

दत्तानं माझ्याकडं नुसतं बघितलं.

पुढचं वाक्यसुद्धा मी गिळलं.