हाकेनंतरची शांतता

डोंगरात हरवलेल्यांना शोधायला शिकवणाऱ्या वर्गात आम्ही सगळेच नवखे. पहिल्या सरावात हरवलेला माणूस मी झालो. पाय मुरगळल्याचं सोंग घेऊन कारवीच्या झुडपांमागे पडून राहिलो. आवाज क्षीण ठेवायचा, असं बजावलं होतं.

खालून आमच्याच वर्गातल्या देशमुखबाईंच्या हाका आल्या. "जोशीकाका, कुठे आहात? जोशीकाका, ऐकू येतंय का?" मी ओ दिली, पण ती त्यांच्याच पुढच्या हाकेखाली दबली. पुन्हा दिली, पुन्हा तेच. मंडळी मला मागे टाकून पुढे निघाली. सोंगच होतं, तरी मी कोपरावर उठून झुडपांतून त्यांच्याकडे पाहू लागलो.

मग आमचे प्रशिक्षक जाधव यांचा आवाज आला. "देशमुखबाई, शाळेत हजेरी घेताना मुलांना 'हजर' म्हणायला वेळ देत होता ना?"

"देत होते की."

"मग इथंही द्या. हाक मारली की सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. चालायचंसुद्धा नाही."

अर्धांगाचा झटका आल्यापासून माझे वडील सावकाश बोलतात. त्यांना एक शब्द सापडेपर्यंत घरातले आम्ही चहा, पाणी, पंखा असं सगळं विचारून मोकळे होतो. आणि वर म्हणतो, हल्ली अण्णा बोलतच नाहीत. हा हिशेब कुठे चुकतो, ते मला त्या झुडपामागे कळलं.

खाली एकच हाक आली आणि पावलं थांबली. वाळक्या पानांवरून सरडा गेलेलाही ऐकू आला. कोणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं. मी सावकाश श्वास गोळा केला आणि ओ दिली.