केअर आणि क्युअर

नगरच्या कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी एकदा फळ्यावर दोन शब्द लिहिले, केअर आणि क्युअर. म्हणाले, ऐकायला सख्ख्या बहिणी वाटतात, पण घराणी वेगळी. क्युअर लॅटिनमधून आला. तिथे त्याचा अर्थ होता काळजी घेणं. रोग बरा करणं हा अर्थ नंतरचा. केअर जुन्या इंग्रजीतला, आणि त्याचा मूळ अर्थ दुःख. मी ते वहीत उतरवून घेतलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील दर दिवाळीनंतर पाथर्डीहून ऊस तोडायला जात, म्हणून मला शिकता आलं. त्याची जाणीव मला आहे.

गेल्या हिवाळ्यात वडिलांच्या पोटातल्या गाठीची फाईल घेऊन मी डॉक्टरांपुढे बसलो. ते म्हणाले, "आता क्युअर नाही. घरी न्या, केअर करा."

बाहेर बाकावर वडील वाट बघत होते.

"काय म्हणला डॉक्टर?"

"बरं वाटेल म्हणाले. वेळ लागेल."

"मंग तुझ्या आत्याला फोन लाव. भेटून जा म्हनावं."

आमच्याकडे माणूस जायला टेकला की नातेवाईक बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येऊ लागतात. उशाशी पुडे साठले की आजाऱ्याला न सांगताच कळतं. मला तेच टाळायचं होतं. म्हणून सगळ्यांना फोनवर सांगितलं, फरक पडतोय, एवढ्यात येऊ नका. आत्या श्रीगोंद्याकडे तोडणीवर होती. तिलाही तेच सांगितलं.

वडील विचारायचे, "कधी येती ती?"

"कारखाना बंद झाला की येईल."

"कारखाना काय माझ्यासाठी बंद हुतोय," ते हसून म्हणायचे.

मी त्यांना अंघोळ घालायचो, पेज भरवायचो. आपण त्यांचं नीट करतोय, असं वाटायचं.

कारखाना चालू असतानाच ते गेले. आत्या टेम्पोतून उतरली तेव्हा मयत अंगणात ठेवलं होतं. उसाच्या पाचटानं तिचे हात ओरबाडलेले होते. बऱ्याच वेळानं ती माझ्याकडे वळली.

"डॉक्टरनं तुला कधी सांगितलं हुतं?"

"दोन महिने झाले."

"तू शिकलेला. म्हनून मी तुझं खरं धरून बसले."

तिनं वडिलांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"माझं नाव काढायचा का रं?"

"रोज," मी म्हणालो.