ओल्या खडूचं वर्तुळ

खडू सरांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, मतदारयादीत होतं, लग्नाच्या पत्रिकेत तर चांगलं ठळक छापलेलं होतं, पण तेवढंच. बाकी सगळ्या जगाला ते खडू सर. त्यांची बायकोसुद्धा फोनवर सांगायची, "खडू सर आंघोळीला गेलेत, नंतर करा."

तंत्रशाळेत पाण्याचे पंप शिकवायला लागून त्यांना एकतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत "तुझं इथं चुकलं" असं त्यांनी कुणाला तोंडानं म्हणून सांगितलं नव्हतं. मुलानं दुरुस्त केलेला पंप टेबलावर आणून ठेवायचा. सर कपाळावरचा चष्मा नाकावर घेणार, पंपाभोवती एक फेरी मारणार, चूक असेल तिथं खडूनं वर्तुळ काढणार आणि चालू पडणार. काय चुकलं ते ज्याचं त्यानं शोधायचं. वर्तुळ नसेल तर काम पास. मुलं म्हणायची, "सरांनी शिव्या दिल्या तर परवडेल, त्या निदान संपतात. हे वर्तुळ बघत बसावं लागतं."

ही रीत त्यांना वस्तादाकडून मिळाली होती. सर तेव्हा सतरा वर्षांचे. चार दिवस एक लोखंडी ठोकळा कानशीनं घासत होते आणि तो काही केल्या सपाट होईना. पाचव्या दिवशी वस्ताद आला, ठोकळ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सरांच्या उजव्या कोपराभोवती खडूनं वर्तुळ काढून चहा प्यायला निघून गेला. सर अर्धा दिवस फुगून बसले. मग लक्षात आलं, की घासताना कोपर वर उचललं जातंय. संध्याकाळपर्यंत ठोकळा आरशासारखा. तो अजून त्यांच्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पंचवीस वर्षं कानाला यंत्र लावून बसलेली. बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण स्वयंपाकघरातला नळ गळतोय हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं, तेव्हा तिनं सरांच्या खिशातला खडू काढला आणि नळामागच्या भिंतीवर हे एवढं वर्तुळ काढलं. नळ त्याच संध्याकाळी दुरुस्त झाला. "हे लग्नाच्या वेळीच कळलं असतं," ती म्हणाली, "तर माझं निम्मं बोलणं वाचलं असतं."

तर असे हे सर, आणि त्या वर्षी नवा नियम आला. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी नुसता पंप दुरुस्त करून भागणार नाही. दुरुस्ती कशी केली ते फोटो, व्हिडिओ आणि आवाज घालून सात मिनिटांत मांडायचं, रेकॉर्ड करायचं आणि मंगळवारपर्यंत सरांना पाठवायचं. सरांनी अभिप्राय द्यायचा, मुलांनी गुरुवार संध्याकाळपर्यंत सुधारून द्यायचं. शनिवारी पाणीपुरवठ्याची माणसं ती रेकॉर्डिंग बघून दोघांना पंपघरात कामावर घेणार. हात स्वतःचे आणि आवाजही स्वतःचाच, ही अट जाड अक्षरांत होती.

सरांनी खिशातला खडू चाचपला. सव्वीस जणांची सव्वीस रेकॉर्डिंग, आणि खडू टेकवायचा कुठे?

"बाबा, खाली चौकोन असतो ना, तिथं टाइप करायचं," लेकीनं फोनवर सांगितलं. सरांनी करून बघितलं. "तुझा पंप" एवढे दोन शब्द लिहीपर्यंत चहा गार झाला. मग त्यांनी स्वतःची वाट काढली. घरचा कॉम्प्युटर जुना, पेटीएवढा, पुढे जाड काच. रेकॉर्डिंग चुकीच्या जागी थांबवायचं, काचेवर वर्तुळ काढायचं, मोबाइलनं फोटो घ्यायचा आणि पाठवून द्यायचा. कोरडा खडू काचेवर घसरायचा, म्हणून तो पाण्यात बुडवून घ्यायचा.

"अहो, ती पाटी आहे का?" बायको ओरडली.

"पुसतो ना नंतर."

"कशानं? बाहीनं?"

"मग बाही कशाला असते?"

आता ओल्या खडूचा एक गुण असा, की काढताना तो जेमतेम दिसतो आणि वाळला की पांढराफेक उमटतो. पुसतानाही तीच गंमत. ओलं काही फिरवलं की काच लख्ख वाटते, आणि पाच मिनिटांनी बघावं तर गेलेले पाहुणे परत दारात. सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणसाला ठाऊक असलेलं सगळं ऐन वेळी हाताशी थोडंच असतं!

मंगळवारी दुपारपर्यंत अठरा झाली. एकानं पंपापेक्षा स्वतःचेच फोटो जास्त घातले होते. सरांनी त्याच्या केसांच्या कोंबड्याभोवती वर्तुळ काढलं. एकाच्या रेकॉर्डिंगमध्ये मागून त्याची आजी जेवायला हाका मारत होती. चौथ्या हाकेला सरांनाच भूक लागली. एकोणिसाव्यानं बेअरिंग उलटं बसवलं होतं. ते पडद्यावर उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात दिसत होतं. सरांनी वर्तुळ काढलं, फोटो पाठवला, ओल्या बाहीनं काच पुसली आणि विसावं लावलं.

विसावं पानाबाईचं. नट फिरवायचा पाना कायम हातात, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. तिच्या कामावर सरांनी दोन वर्षांत मोजून तीन वर्तुळं काढली होती. पण तोंडाला कुलूप. पहिल्याच आठवड्यात ती वर्गात उत्तर द्यायला उभी राहिली होती, आवाज घोगरा, जाड, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "मोटर सुरू झाली!" अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून "हो सर" आणि "नाही सर" यांच्यापुढे गाडी कधी गेली नाही. पंपघरात काम मिळावं एवढं एकच तिच्या मनात होतं. सुट्टीच्या दिवशी ती पंपघराच्या कुंपणाबाहेर नुसती उभी राहून ऐकत असायची.

आणि आता त्या पेटीतून आवाज आला, "नमस्कार. कृपया लक्ष द्या. आपण पाहत आहात पंपाची संपूर्ण दुरुस्ती." मधात बुडवलेला आवाज! सर बघतच राहिले. मुलीला कंठ फुटला! सात मिनिटांत एक शब्द अडखळला नाही, आणि चित्रांतले हात तर असे, की पाना कुठं धरायचा हे आंधळ्यालाही कळावं. सरांचे डोळे भरून आले. चष्मा काढून ते पुसत बसले.

"हा आवाज मी कुठंतरी ऐकलाय," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"माझी विद्यार्थिनी आहे."

"असेल. पण हा ऐकून मला पिशवी उचलून रांगेत उभं राहावंसं वाटतंय."

सरांनी तिकडे कान दिला नाही. या कामावर वर्तुळ नाही! एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात मोबाइल, अशा थाटात त्यांनी शेवटच्या चित्राचा कोरा फोटो काढला आणि पाठवून दिला. कोरा म्हणजे पास.

बुधवारी सकाळी आठ वाजता दार वाजलं. दारात पानाबाई. डोळे सुजलेले आणि हातात पाना नाही. सरांना धस्स झालं ते पाना नाही हे बघून.

"सर, तुम्ही ओळखलंत," ती पुटपुटली.

"काय ओळखलं?"

"आवाज माझा नाही. मावसबहिणीचा आहे. ती बसस्थानकावर गाड्या पुकारते."

आत पातेलं आदळल्याचा आवाज झाला आणि बायको दारात हजर. "बघा! पिशवी उचलावीशी वाटत होती ती उगाच नाही!"

"पण मी ओळखलं, हे तुला कुणी सांगितलं?" सर गोंधळून म्हणाले.

तिनं मोबाइल पुढे केला. कालचा फोटो. त्यात उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात, फिकट पण चांगलं गोल वर्तुळ. आणि वर्तुळाच्या बरोबर पोटात ते इवलंसं कर्ण्याचं चिन्ह, जे दाबलं की चित्रामागचा आवाज सुरू होतो.

एकोणिसाव्याचं बेअरिंग! सात मिनिटांत काच वाळली होती आणि पुसलेलं वर्तुळ परत येऊन बसलं होतं.

इथं सरांना गप्प बसता आलं असतं. मुलगी अशी बघत होती, की जणू या माणसाला भिंतीपलीकडचं दिसतं. एकतीस वर्षांत तसं कुणी बघितलं नव्हतं. सरांनी खाकरून घसा साफ केला, मिशीवरून हात फिरवला. बायकोनं नुसतं त्यांच्या बाहीकडे बघितलं. बाहीवर पांढरा पट्टा.

"ते वर्तुळ तुझं नव्हतंच," सर म्हणाले. "दुसऱ्याचं होतं, नीट पुसलं नाही. मला काही कळलं नव्हतं. मी तुला पास केलं होतं."

पानाबाईनं डोळे विस्फारले. "म्हणजे मी उगाच सांगितलं?"

"अगदी उगाच," बायको म्हणाली. "बस आता. चहा टाकते."

"माझं नाव कापणार का, सर?"

"उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे. स्वतःच्या आवाजात पुन्हा कर."

"माझ्या?" ती कसंनुसं हसली. "शनिवारी तीही माणसं म्हणतील, मोटर सुरू झाली."

आता आली का पंचाईत! वर्तुळ काढायचं कशाभोवती? सरांचा हात खिशापर्यंत जाऊन परत आला. मग त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटून घेतले. "समज, मी लांब फोनवर आहे. मला काही दिसत नाही. पंपाला काय झालंय ते सांग."

मग ती पुस्तकातल्यासारखं म्हणाली, "नळीतून हवा आत शिरते, त्यामुळे आवाज होतो."

"कसला?"

"खडखड."

"खडखड तर माझे गुडघेही करतात."

बायको खुदकन हसली. पानाबाई अडली. आणि शब्द सापडेना म्हणून असेल, तिनं घशातून तो आवाजच काढला. आधी भरलेल्या पंपाची जाड, खालची घुम्म; मग त्यात कुणी मूठभर खडे टाकल्यासारखी घरघर; एक उचकी; पुन्हा घरघर. सर ताडकन उठले आणि वळून कॉम्प्युटरच्या मागे बघायला लागले. अगदी खरं!

"हा बेअरिंग गेल्याचा," ती म्हणाली आणि तोही काढला. मग पट्टा सैल झाल्याचा.

"तुझ्या मावसबहिणीला जमेल हे?"

"तिचा घसा बसेल, सर."

"आणि स्थानकावरची माणसं पळत सुटतील," बायकोनं जोड दिली.

पानाबाई मोठ्यानं हसली. त्या घोगऱ्या हसण्यानं कपबशा वाजल्यासारख्या वाटल्या.

मग सर बोलायला लागले, आणि एकतीस वर्षांचं तुंबलेलं असावं तसे अर्धा तास बोलले. "तिसऱ्या मिनिटाला तुझी बहीण म्हणते, 'किंचित आवाज येतो.' हवा धरलेल्या पंपाला किंचित कोण म्हणेल? तिथंच मला कळायला हवं होतं. मी भुललो, ती चूक माझी. चौथ्या मिनिटाला तुझे हात थांबतात. तिथं तू ऐकत होतीस, बरोबर? तिथं एक शब्द बोलू नकोस. पंपाला बोलू दे. मग तू त्याचा आवाज काढ. आणि ते 'कृपया लक्ष द्या' काढून टाक, मी आधीच लक्ष देऊन बसलेलो असतो."

गुरुवारी पाच वाजता नवं रेकॉर्डिंग आलं. ती दोनदा अडखळली होती. एके ठिकाणी "थांबा, परत सांगते" म्हणाली होती आणि ते तसंच ठेवलं होतं. बायको हातात झारा घेऊन ऐकायला येऊन उभी राहिली. "आमच्या एक्स्चेंजमध्ये ही असती, तर वादळातही लाइन स्वच्छ गेली असती."

सरांनी कोरड्या फडक्यानं काच दोनदा पुसली, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले, चष्मा चढवला आणि मग कोरा फोटो काढला.

शनिवारी शिक्षकांना आत बसायची मनाई. सर बाहेर येरझारा घालत होते. दाराआडून ती घरघर ऐकू आली आणि पाठोपाठ कुणीतरी फिसकन हसलं. सर जागच्या जागी थिजले. मग एक जाड आवाज म्हणाला, "हसताय काय? परत लावा." घरघर. "परत लावा."

थोड्या वेळानं पंपघराचे मुख्य बाहेर आले. पिकलेल्या भुवयांचा माणूस.

"ही मुलगी कोणाची?"

"माझी," सर म्हणाले. "म्हणजे, विद्यार्थिनी."

"आमची माणसं फोन करतात, साहेब, पंपातून कसलासा आवाज येतोय. कसला? तर कसलासा! वीस वर्षं मी कसलासा ऐकतोय आणि दर वेळी चार कोस गाडी हाकतोय. हिला उद्यापासून पाठवा."

"उद्या रविवार आहे."

"मग परवा. पण पाठवा."

तिसऱ्या आठवड्यात सरांच्या मोबाइलवर तिच्याकडून एक रेकॉर्डिंग आलं. चित्र नाही, अकरा सेकंदांची नुसती घुम्म, आणि शेवटी तो घोगरा आवाज: "सर, ऐका आणि सांगा, कुठं चुकतंय."

सरांनी डोळे मिटून चार वेळा ऐकलं. बायकोलाही ऐकवलं. सवयीनं हात खिशात गेला.

"काढा वर्तुळ," बायको म्हणाली. "कशाभोवती काढताय बघू!"

मग सरांनी कधी न दाबलेलं बोलायचं बटण दाबलं आणि सभेत भाषण असावं तसे ताठ बसले. "कुठंच चुकत नाही. छान चाललाय." एवढं बोलून मोबाइल टेबलावर, ठोकळ्याशेजारी ठेवून दिला. बटण बंद करायचं राहिलं. पुढची चार मिनिटं नवरा-बायकोत कुणाचा चहा गोड झाला यावर जे काही झालं, तेही सगळं तिकडे पोचलं.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "सर, मागं तुमचा नळ गळतोय. थेंब दोन-दोन पडतायत. वायसर गेलाय, आजच बदला."

बायकोनं हातातला कप खाली ठेवला. तिनं सरांच्या खिशातला खडू काढला आणि स्वयंपाकघराकडे निघाली.