आमचे व्याही आणि म्हातारी मोटार

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मला भावात हरवणारा माणूस जन्मला नाही, असे मी पुष्कळ वर्षे छातीठोकपणे सांगत आलो. पण मोटारीच्या बाबतीत देवाने एकच माणूस घडवला, आणि माझी खोड मोडावी म्हणून तो माझ्या लेकीचा सासरा केला. ओतूरच्या बाजारात एका बैलगाडीवर मी भाड्याचा धंदा सुरू केला. पुढे एका साहेबाची जुनी मोटार घासाघीस करून घेतली आणि उतारू वाहू लागलो. कांद्याच्या दलालापासून कोर्टाच्या शिरस्तेदारापर्यंत कुणाशी ओढाताण केली नाही असे नाही. व्याह्यांशी मात्र ती करता येत नाही. मुलीच्या बापाने तिथे पागोटे सावरून बसायचे, आवाज चढवायचा नाही, आणि लेकीला मूल होईपर्यंत त्या घरचे पाणीसुद्धा प्यायचे नाही, ही आमच्याकडची रीत. माझ्यासारख्या तापट माणसाला याहून मोठी शिक्षा कोणत्याही कोर्टाने दिली नसती.

व्याह्यांचे घर घोडेगावात. तरुणपणी ते पुण्यात एका सरदाराच्या मोटारखान्यात होते, आणि तिथून येताना एक ठाम मत घेऊन आले: दहा वर्षांच्या आतली मोटार ही मोटारच नव्हे. त्या काळी दोन्ही तालुक्यांतल्या मोटारी बोटांवर मोजाव्यात इतक्या. दुरुस्तीला दारात आल्या तरी त्यांतल्या निम्म्या ते वयावरून परत पाठवीत. एकदा मंचरच्या एका व्यापाऱ्याने आपली कोरी गाडी त्यांच्या दारात उभी केली, तर हे ओसरीवरून उठलेसुद्धा नाहीत. "पोर हाय अजून ती," म्हणाले. "हिला दुखणं न्हाई, नुसतं नखरं हायती. कुणाकडंबी न्या." जुन्या मोटारीला मात्र अहोजाहो. ती दारात आली की पहिल्या दिवशी हात लावायचा नाही, कारण ती लांबून आलेली, दमलेली. दुसऱ्या दिवशी बाभळीच्या काठीचे एक टोक यंत्राला टेकवायचे, दुसरे दातांत धरायचे आणि डोळे मिटून बसायचे. खरा आवाज हाडातून येतो म्हणत. जुन्या झडपा, स्प्रिंगा, चकत्या सगळ्या घरातल्या उतरंडीत. विहीणबाई मोहरी काढायला गेल्या की हाताला नटबोल्ट लागत. आणि कान असा, की माझी मोटार गावाबाहेरच्या ओढ्याच्या चढावर असतानाच त्यांना ओळखू येई. मी दारात पोहोचतो तो उंबऱ्यावर पाण्याचा भरलेला तांब्या हजर. मी पिणार नाही हे पक्के ठाऊक असून ठेवलेला, आणि तोही दर खेपेला. त्या तांब्याने माझ्या मनात जी अढी बसली ती बसलीच.

लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायची तयारी चालली, आणि नेमका तेव्हाच मोटारीचा क्लच सरकू लागला. यंत्र बोंबलायचे, चाके ढिम्म. तसल्या जुन्या गाडीत क्लचला चामड्याचा पट्टा असे. तो झिजला होता. व्याह्यांकडे हात पसरायची माझी तयारी नव्हती. नारायणगावच्या बाजारात एक मिस्त्री होता, हुशार आणि तोंडाचा गोड. उसाचा चरक न्या, शिवणयंत्र न्या, मामलेदाराचे घड्याळ न्या, तो "व्हतंय की" म्हणायचा, आणि खरेच व्हायचे. त्याने विहिरीच्या मोटेचे जाड चामडे कापून नवा पट्टा बसवला, मी म्हटले त्या भावात, मी म्हटले त्या वेळेत. गाडी पळाली. सुटताना फक्त उसळी घ्यायची, पहिल्यांदा जुंपलेल्या खोंडासारखी.

घोडेगावात शिरतो तो व्याही रस्त्यातच उभे. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"हिला कुणाचा हात लागला?"

"नारायणगावच्या मिस्त्रीचा. चालतीय की, पावणं."

"चालतीय. पर दचकतीय. चढावर दचकल्याली मी हितनं ऐकली. असल्या गाडीत अवघडल्याली पोर बसवायची न्हाई. माझी सून हाय ती."

"माझी लेक हाय."

"म्हून तर."

माझे डोके तापले. सातवा महिना सरत आला होता, आणि आठव्यात लेकीला हलवत नाहीत. एकदा तो महिना लागला की बाळंतपण सासरीच, आणि तिची आई तर ओतूरला खोली सारवून वाट बघत बसलेली. मी आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हणालो, "उद्या निघाया पायजे."

"परवा बघू."

"निदान उद्या सांजच्याला तरी."

"मंग तेरवा."

आतून लेक म्हणाली, "आबा, आता गप ऱ्हावा. न्हाईतर बारशालाच निघू."

मी गप्प राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांनी उतरंडीतून जुन्या खोगिराचे मऊ चामडे काढले, काचेच्या तुकड्याने तासले, गालाला लावून पाहिले, पुन्हा तासले, आणि परातीत एरंडेल ओतून त्यात बुडवले. "पिऊ द्या तिला," म्हणाले. माझी मोटार त्यांच्या घरी तेल पीत होती आणि मी शेजारच्या मारुतीच्या आडावर पोहरा ओढत होतो. रागारागाने दर थोड्या वेळाने यायचो आणि बघत उभा राहायचो. वैद्याने नाडी धरावी तसे ते बोटांनी चामडे चाचपीत, आणि रागाने आलेला मी कशासाठी आलो ते विसरून जाई.

तेरवा सकाळी पट्टा बसला. व्याही आत गेले, तोच तांब्या काठोकाठ भरून आणला आणि मोटारीत पायाशी ठेवला. "चालवा." मी क्लचवरचा पाय उचलला. मोटार कधी सुटली ते मला कळले नाही. घरे मागे जाऊ लागली तेव्हा समजले. ओढ्यापर्यंत जाऊन आलो. तांब्यातले पाणी हलले होते, सांडले नव्हते. त्यांनी ते पाहिले आणि आत हाक दिली, "सूनबाई, निघा आता." मंचर मागे पडायच्या आत लेक गाडीत झोपली.

तिला मुलगी झाली. बारसे झाल्यावर मायलेकींना पोहोचवायला गेलो, तर उंबऱ्यावर तांब्या होताच. उभ्यानेच सगळा प्यायलो, आणि इतक्या दिवसांचे साचलेले विचारून टाकले, की मी पीत नाही हे माहीत असून कशाला ठेवत होता.

"न पिणं ही तुमची रीत," ते म्हणाले. "ठिवणं ही आमची."

आज माझ्या दोन नव्या गाड्या आहेत आणि त्या नारायणगावच्या मिस्त्रीकडेच जातात. नवी असेल तर तोच बरा, भाव करता येतो. म्हाताऱ्या मोटारीचे कुणी विचारले तर मात्र, व्याही गेल्यापासून, मला पत्ता सांगता येत नाही. माझी म्हातारी मोटार वखारीत उभी आहे. कुणी मागितली तर मी भावच बोलत नाही. लेकीकडे जाताना ओढ्याच्या चढावर अजूनही उगाच जरा जोर देतो, यंत्राचा आवाज गावात जावा म्हणून. दारात उतरतो. उंबरा कोरडा असतो. मग मी हाक मारतो, आणि लेक पाणी घेऊन येते.