आधी पूस, मंग धू

कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरल्या की काकू आधी घासायला टाकलेली कढई शोधायच्या, तिच्यातून बोट फिरवायच्या आणि ते बोट आपल्या नाकासमोर धरायच्या. "पाह्य वो. आता हे कुठं जाईन?" उत्तरही त्याच द्यायच्या. "माह्या न्हाणीत."

तुमच्या बिल्डिंगमध्येही अशी एक काकू असेल. आमच्या काकूंचं म्हणणं मात्र अक्षरशः खरं होतं. चौबे कॉलोनीतल्या आमच्या चार मजल्यांच्या मोऱ्या एकाच पाइपातून उतरतात. पाइप तुंबला की वरच्यांना पत्ताच नसतो. पाणी वर येतं ते तळमजल्यावर, काकूंच्या न्हाणीच्या जाळीतून.

म्हणून त्यांचा कायदा होता, "आधी पूस, मंग धू." पुसायला जुन्या पेपरचे चौकोन त्या स्वतः कापून घरोघरी वाटायच्या. उरलेलं तेल जिन्याखालच्या पत्र्याच्या डब्यात जमा व्हायचं आणि स्लॅबच्या पाट्यांना लावायला सेंट्रिंगवाला घेऊन जायचा. तिसऱ्या मजल्यावरचे छत्तीसगढी भैया "हव काकी, हव" म्हणत सगळं ऐकायचे. एकदा पुसलेली कढई दाखवायला ते तीन मजले उतरून आले. काकूंनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "शंभरातून चाळीस." भैया बिचारे परत वर गेले.

यात चेष्टा कमी आणि धास्ती जास्त होती. त्यांचा मुलगा पुण्याला, दरवर्षी महालक्ष्म्यांना यायचा. एका वर्षी न्हाणीत घोटाभर पाण्यात उभं राहून त्याने बजावलं, "आई, पुन्हा असं झालं तर हा फ्लॅट विकायचा आणि तू माझ्याकडे यायचं." पुण्यात राहून त्याची मराठी इस्त्री केल्यासारखी झाली होती. काकू मला म्हणाल्या, "पुण्यात मी कोणाची कढई पाहू वो?" मी हसले, पण त्या हसल्या नाहीत.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायचा फुलोरा माझ्याकडे होता. मी ऑफिसातून सुट्टी घेतली, वनस्पती तुपात करंज्या तळल्या, पापड्या तळल्या. बारा वाजत आले, खालून आरतीची घंटा ऐकू आली आणि कढईत उरलं होतं वाटीभर तूप. डब्यात ओतायला ते गार तर व्हायला हवं. मी म्हटलं, गरम पाण्यानं जाईल वाहून. सिंकमध्ये तूप ओतलं, वरून उकळतं पाणी ओतलं. शिकलीसवरली बाई मी, पण घाईत अक्कल गहाण पडली.

खाली काकूंच्या हॉलमध्ये पहिली पंगत बसली. मुलगा पाटावर, समोर पुरणपोळी. मी हात धुवायला न्हाणीत गेले तर जाळीतून पाणी वर येत होतं आणि त्यावर माझं तूप पांढरं गोळा होऊन तरंगत होतं. उंबऱ्यापलीकडे हॉल आणि हॉलमध्ये दोघी महालक्ष्म्या उभ्या.

"काकू, मीच वो. तूप मीच ओतलं," मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. काकूंनी न्हाणीचं दार ओढलं, फटीत जुनं लुगडं कोंबलं आणि म्हणाल्या, "रडू नको. पोळ्या वाढ. त्याले पाटावरून उठू देऊ नको."

काकूंनी खूण करताच भैया मागच्या अंगणात बांबूची लांब चिरफळी, त्यांची खपची, घेऊन पाइपाच्या चेंबरवर वाकले. आम्ही आग्रहाला लागलो. एक पोळी ज्येष्ठेच्या नावाची, एक कनिष्ठेची, एक वडिलांच्या आठवणीची. सहाव्या पोळीपर्यंत देव संपले, तेव्हा काकू मजल्यांवर आल्या. "हे दुसऱ्या मजल्याची." मागे खपचीची खडखड वाढली म्हणून मी आरती सुरू केली. जेवता जेवता आरती कशाची, हे कोणी विचारलं नाही, सगळ्या बायांनी सूर धरला. तेवढ्यात मागून भैया ओरडले, "निकल गे काकी, निकल गे."

"काय निघालं?" मुलाने विचारलं.

"गाय असन कोणाची. वाढ वो त्याले."

तो अकरावर थांबला आणि तिथेच सतरंजीवर आडवा झाला. जाताना म्हणाला, "आई, यंदा कोरडं होतं गं. राहा इथेच." काकूंनी मला शिक्षा म्हणून वर्षभराचे चौकोन कापायला लावले, ते मी आनंदाने कापले. त्यानंतर सहा वर्षं काकूंच्या महालक्ष्म्या त्याच हॉलमध्ये बसल्या.

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या, आपल्याच घरात, दुपारचा चहा पिता पिता. तेरवीचं जेवण आटोपल्यावर त्यांचा मुलगा माझ्याशेजारी ताटं घासायला उभा राहिला. खणातून त्याने पेपरचा चौकोन काढला.

"त्या दिवशी मला वास आला होता," तो म्हणाला. "पहिल्याच पोळीला."

"मग?"

"मग काय. अकरा खाल्ल्या."

त्याने ताट पुसलं, त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, "शंभरातून चाळीस." तो हसला, मीही हसले आणि हसता हसताच मला रडू फुटलं. रडू नको, पोळ्या वाढ, असं म्हणायला स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.